पंचवीस अंकांचा दगड

४ मार्च, मंगळवार

नवी वही सुरू केली. जुनीच्या ओळी फार जवळजवळ होत्या. कागद वाचवायला हल्ली काय वाट्टेल ते करतात. ही रुंद ओळींची आहे आणि पेनही जाड टोकाचं घेतलं.

आज एक चमत्कारिक काम आलं. आमच्याकडे लोक दगडावर नावं कोरून घ्यायला येतात. डॉक्टरांच्या पाट्या, इमारतींची नावं, गेलेल्या माणसांच्या तारखा. आज एक बाई आल्या. कॉलेजात चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, एक संख्या कोरायची आहे.

"साल का?" मी विचारलं.

"नाही. नुसती संख्या. पंचवीस अंकी."

"एवढा लांब फोन नंबर कोणाचा?" छोटीने आतून विचारलं.

बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. स्टुलावर बसल्या आणि समजावून सांगितलं. पहिला अंक ३. पहिले दोन घेतले तर ३६, त्याला दोनाने भाग जातो. पहिले तीन ३६०, त्याला तिनाने. ३६०८ ला चाराने. ३६०८५ ला पाचाने. असं शेवटपर्यंत. पहिले चोवीस अंक घेतले तर त्यांना चोविसाने पूर्ण भाग जातो, सगळे पंचवीस घेतले तर पंचविसाने. अशा संख्या पुष्कळ आहेत, पण ही त्यांतली सगळ्यांत मोठी. पंचवीस अंकी अशी एकच आहे.

"हिचा उपयोग काय?" मी विचारलं.

"काही नाही. चौतीस वर्षं मुलं हेच विचारत होती आणि मी हेच उत्तर देत होते."

कॉलेजच्या नव्या वाचनालयाला वर जाणारा एक उतार आहे. त्याच्या भिंतीत, हाताच्या उंचीवर, हा दगड बसणार. येताजाता मुलांनी त्यावरून हात फिरवावा अशी बाईंची इच्छा आहे. दगड एकसंध, साडेतीन मीटर. खाणवाल्याने सांगितलंय की एवढ्या लांबीचा दुसरा या वर्षात निघणार नाही. एकवीस एप्रिलला उद्घाटन.

काम घेतलं.

५ मार्च, बुधवार

छोटीशी वाद झाला. लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण, वय चोपन्न. बाबांच्या मागे ही शेड आम्ही दोघं चालवतो. मी आखतो, ती कोरते. बाबांचा नियम होता: आखणाऱ्याने कागद बघायचा, कोरणाऱ्याने दगड. एका कामावर दोन वाचणारे असले की दोघंही अर्धंमुर्धं वाचतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गिऱ्हाइकाचा कागद माझ्या टेबलावर राहतो, छोटी त्याला हात लावत नाही. मी दगडावर लाल खडूने आखलेलं तिने तसंच्या तसं कोरायचं. चाळीस वर्षं असंच चाललंय.

आज दंतवैद्याची पाटी पुसताना दारात उन्हात धरली, तर एका अक्षरापाशी माझी खडूची रेघ एकीकडे आणि तिची छिन्नी दुसरीकडे.

"हे काय?"

"सरकली असेल."

"तुझी छिन्नी सरकत नाही."

तिने पाटी माझ्या हातातून घेऊन भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "दादा, त्या बाईंच्या दगडाची आखणी मी करू का? इतका लांब दगड, तुझी कंबर धरेल."

माझ्या कंबरेला काही झालेलं नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं की आखणी माझी. आखणीच गेली तर मी इथे झाडू मारायलाच उरतो. आणि यापुढे माझ्या रेघेला हात लावायचा नाही.

"बरं," ती म्हणाली. "तू आखशील तेच कोरीन."

"एक रेघ इकडची तिकडे नाही."

"नाही म्हटलं ना."

तिने शब्द दिला की ती पाळते. तेवढं खरं.

८ मार्च, शनिवार

दगड आला. उतरवायला सात माणसं लागली. शेडमध्ये तिरका ठेवला तेव्हा कुठे मावला.

अंकांचे साचे काढून घासले. हे बाबांनी जस्ताच्या पत्र्यातून कापलेले आहेत. अंक दहा, पण पत्रे नऊ. ३ आणि ६ चा एकच पत्रा आहे. एका बाजूने ठेवला तर ३, उलटा केला तर ६. पत्र्याच्या कडेला कानशीने केलेली एक खाच आहे. खाच डावीकडे आली तर ३, उजवीकडे आली तर ६. बाबांनी त्या काळी पत्रा वाचवला. आता खाच बरीच झिजलीय, पण माझ्या बोटांना सवय आहे.

बाई दगड बघायला आल्या होत्या. आम्ही नेहमीप्रमाणे मधून सुरुवात करणार होतो. म्हणजे तेरावा अंक आधी, मग दोन्ही बाजूंना. असं केलं की अंतराची चूक एकाच टोकाला साठत नाही.

बाई जवळजवळ दचकल्या. "ही संख्या मधून सुरू होत नाही हो. हिचा प्रत्येक अंक आधीच्या सगळ्यांवर उभा आहे. डावीकडूनच कोरा. मी दर शनिवारी येऊन भाग लावून बघत जाईन."

"आमच्यावर विश्वास नाही?"

"मी माझ्या स्वतःच्या बेरजेवर ठेवत नाही, तर तुमचं काय घेऊन बसलात."

डावीकडून सुरू करायचं ठरलं. पाच-पाच अंक आखायचे, पाच-पाच कोरायचे.

१३ मार्च, गुरुवार

पहिले पाच कोरून झाले. चांगले आलेत. छोटीचा हात अजून तसाच आहे.

शेडमध्ये नवी ट्यूब बसवली. दोन महिन्यांतली चौथी. आजकालच्या ट्यूबला पहिल्यासारखा उजेडच नाही. छोटीने उंबऱ्याच्या पायरीला पांढरा पट्टा मारलाय. विचारलं तर म्हणते, रंग उरला होता.

१५ मार्च, शनिवार

बाई आल्या. आठ अंक झाले होते. दगडासमोर उभं राहून त्यांनी तोंडातल्या तोंडात भाग लावले आणि मान हलवली. मग चहा घेताना बऱ्याच बोलल्या.

अशा संख्यांची आधी गर्दी वाढत जाते म्हणे. एक अंकी नऊ, दोन अंकी पंचेचाळीस, नऊ अंकी दोन हजार चारशे ब्याण्णव. दहा अंकीही बरोबर तेवढ्याच. तिथून ओसरायला लागतात. वीस अंकी चव्वेचाळीस, एकवीस अंकी अठरा, मग बारा, सहा, तीन. आणि शेवटी ही एक.

"बाकीच्यांचं काय होतं?" छोटीने विचारलं.

"पुढे जोडायला अंक सापडत नाही. थांबतात."

"आमच्या गल्लीतल्या दुकानांसारखं," छोटी म्हणाली. या वेळी मात्र बाई हसल्या.

एक गंमत. परवा पोस्टाबाहेर बाई भेटल्या होत्या. मी त्यांना सातव्या अंकाबद्दल दोन मिनिटं सांगितलं, त्या नुसत्या बघत राहिल्या. आज आठवण करून दिली तर म्हणाल्या, परवा त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. वय झालं की विसरायला होतं. मी विषय वाढवला नाही.

२० मार्च, गुरुवार

या संख्येने मला धरलंय असं वाटतं. कागदावरचे अंक बाईंनी मुंगीएवढे लिहिलेत, म्हणून मी त्यांच्याकडून एकदा तोंडी म्हणवून घेऊन पाठच करून टाकले. आता रस्त्याने चालतानाही म्हणतो.

भाग लावायची रीत सोपी आहे. वीस अंक डोक्यात धरायचे नाहीत, बाकी तेवढी धरायची. सतराने भागायचं असेल तर ३ घ्यायचे, पुढचा ६, म्हणजे ३६, सतरा दुणे चौतीस गेले, बाकी २. पुढचा ०, म्हणजे वीस, बाकी ३. असं अंकामागून अंक चालत जायचं. सतराव्या अंकाला बाकी शून्य. मी तीनदा केलं, तिन्ही वेळा शून्य आलं. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आणखी काही दिसलं. सम जागांवर सगळे सम अंकच आहेत. दर पाचव्या जागेवर ० नाहीतर ५. आणि संपूर्ण संख्येत १ नाही, ९ नाही. ते दोन पत्रे घासून ठेवले तसेच खोक्यात पडून आहेत. ४ एकदाच येतो, चौदाव्या जागी. छोटीला सांगितलं तर म्हणाली, "तू लग्नाळू पोरासारखा बोलतोयस तिच्याबद्दल."

२२ मार्च, शनिवार

पंधरा अंक पुरे. बाईंनी पंधराही भाग लावले. सगळे जातात.

जाताना त्या माझ्याजवळ थांबल्या. मी पुढची आखणी करत होतो. "तुम्ही साचा बोटांनी लावता. बघत नाही," त्या म्हणाल्या.

"चाळीस वर्षांची सवय," मी म्हणालो.

त्या काही वेळ तिथेच होत्या. नंतर बाहेर छोटीशी बोलत उभ्या राहिल्या. बायकांना बोलायला विषय पुरतात.

२७ मार्च, गुरुवार

दिवसभर ढग. शेवटचे पाच आखले: एकविसावा ते पंचविसावा. जेवणाआधी संपवायचं म्हणून जरा घाई केली.

दुपारी छोटी दगडापाशी बराच वेळ नुसती उभी होती. मग हाक मारली.

"दादा, एकविसाव्या जागी नक्की ना?"

"का?"

"०, मग ६, मग परत ६. दोन सारखे शेजारी."

"८८ आहेत, ०० आहेत. ६६ ने काय घोडं मारलं?" मी टेबलावरून उठलोसुद्धा नाही. माझ्या मनात तेव्हा तेविसाचा भाग चालला होता.

"एकदा येऊन बघतोस का?"

"शब्द दिलायस ना? मग कोर."

तिने कोरायला घेतलं. आज हातोडीचा आवाज फार हळू येत होता.

२८ मार्च, शुक्रवार

बावीस अंक झाले. तीन राहिले. कॉलेजचा माणूस येऊन भिंतीतली खोबण मोजून गेला.

२९ मार्च, शनिवार

बाई आल्या. विसापर्यंत त्या भराभर गेल्या. एकविसावर थांबल्या, परत पहिल्यापासून निघाल्या, परत थांबल्या.

"बाकी तीन उरतात," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, शक्य नाही. मी घरी चारदा केलंय. त्यांच्यासमोर तोंडी करून दाखवलं, एकेक अंक म्हणत. बाकी शून्य.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आणि माझंही बरोबर आहे." एवढंच म्हणून त्यांनी छोटीकडे पाहिलं. छोटी छिन्न्या पुसत होती.

मला वाटतं बाई थकल्या आहेत. उभ्या उभ्या एकवीस भाग लावायचे म्हणजे चूक व्हायचीच. सोमवारी परत करून बघा असं मी त्यांना सुचवलं.

३० मार्च, रविवार

सकाळी एकटाच शेडवर गेलो. दार पूर्ण उघडलं, ऊन थेट दगडावर पडत होतं. एकविसाव्या अंकासमोर उभा राहिलो. मला ३ दिसला.

घरी परत निघालो होतो. मग का कोण जाणे, वळलो आणि कोरलेल्या चरीत बोट घातलं.

आधी अकराव्या अंकावर फिरवलं, तो ३ आहे. बाराव्यावर फिरवलं, तो ६. मग एकविसाव्यावर. मग परत बाराव्यावर, परत एकविसाव्यावर. दोन्हींत बोट एकाच वाटेने जातं.

६ आहे.

नंतर डोळ्यांनी पुन्हा पाहिलं, तर परत ३ दिसला. मला जे माहीत आहे तेच मला दिसतं आहे.

३१ मार्च, सोमवार

छोटीला म्हणालो, "६ आहे तो."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. कागद मी बघत नाही. शंका आली, तुला विचारलं."

हे खरं आहे. या वहीत मीच लिहून ठेवलंय.

मग मी विचारलं, दंतवैद्याच्या पाटीआधी अशा किती पाट्या. ती छिन्नी हातात घेऊन बसली होती, ती खाली ठेवली.

"मोजल्या नाहीत. दोनेक वर्षं झाली असतील. नावं होती रे. नावं वाचता येतात. कुठे काना राहिला, कुठे अक्षर उलटलं, तर आपोआप कळतं काय हवं होतं ते. मी सरळ करून घ्यायची. हा आकडा कसा सरळ करणार? ० नंतर ३ काय आणि ६ काय, मला दोन्ही सारखेच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू म्हणालास ट्यूब खराब आहे. मी नवी आणून दिली. चार आणल्या."

दुपारी तिने डबा उघडला तेव्हा माझी पोळी नेहमीप्रमाणे डाव्या हाताला ठेवली. ती रोज डावीकडेच ठेवते हे माझ्या आज लक्षात आलं.

२ एप्रिल, बुधवार

बाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं: चूक माझी. छोटीची नाही, कागदाची नाही. त्यांनी "हं" म्हटलं आणि दगडासमोर स्टूल ओढून बसल्या.

दुसरा दगड नाही. कोरलेला ६ बुजवून ३ करता येत नाही. मसाला भरला तर वर्षभरात रंग सोडतो आणि मुलांचे हात फिरून फिरून त्याआधीच निघेल. पूर्ण पृष्ठ उतरवून पंचवीसही अंक नव्याने कोरायला एकोणीस दिवस पुरणार नाहीत. म्हणजे दोनच वाटा राहतात, असं मी सांगायला लागलो, तर बाईंनीच पहिली सांगितली.

"विसाव्या अंकानंतर दगड कापून टाका."

"आणि?"

"आणि काही नाही. पहिल्या वीस अंकांना विसाने भाग जातो. एकोणीस अंकांना एकोणिसाने. जे उरेल त्यात खोटं काहीच नाही. ही संख्या अशी आहे की कुठेही तोडा, मागे राहिलेली खरीच राहते. सगळ्यांत मोठी नसेल, चव्वेचाळिसांतली एक असेल, एवढंच. आणि भिंतीतली खोबण बुजवता येते."

"तुम्हाला तर ही सगळी हवी होती."

"हवी होती."

"मग?"

"वीस अंकी दगडाकडे बघून कोणालाही कळणार नाही की काही चुकलं होतं," बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तेव्हा कळलं की त्या मला काय देऊ करत होत्या.

दुसरी वाट मी सांगितली. विसाव्या अंकानंतरचं पृष्ठ एक सेंटिमीटर खाली उतरवायचं, खोट्या अंकांचा तळ जाईपर्यंत, आणि त्या खोलगट भागात शेवटचे पाच नव्याने कोरायचे. पंचवीसही अंक राहतील. पण विसाव्याच्या पुढे दगडाला पायरी पडेल. हात फिरवणाऱ्याला ती लागणार. जो तो विचारणार की ही पायरी कशाची.

"तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

छोटी म्हणाली, "दादा, कापू या. दोन तासांचं काम आहे. उगाच कशाला."

उद्या सांगतो म्हटलं.

३ एप्रिल, गुरुवार

ठरलं नाही. दिवसभर कापण्याच्या बाजूने होतो. कापलं तर हे तिघांतच राहतं. नंतर मी डोळे दाखवून घेईन, चष्मा बदलेन, टेबल खिडकीशी नेईन. छोटी पूर्वीसारखी सरळ करून घेत जाईल, आणि मला ते माहीत नसल्यासारखं मी वागेन. हे सगळं जमण्यासारखं आहे. यातलं काहीच अवघड नाही, हीच त्यातली अडचण आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. छोटी बरोबर आली. मी नको म्हटलं नाही.

डॉक्टर तरुण आहेत, भिंतीवरच्या तक्त्याची ओळ वाचायला सांगतात. मी मोठी दोन अक्षरं वाचली. त्यांनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलेला आहे. कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही. चष्म्याने सुधारणार नाही. औषधाने आहे तिथे थांबवता येईल, कदाचित.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"दगडावर अक्षरं आखतो."

त्यांनी छोटीकडे पाहिलं. लोक आता माझ्याऐवजी तिच्याकडे बघणार, याची सवय करून घ्यावी लागेल.

रिक्षात बसल्यावर छोटीला सांगितलं, पृष्ठ उतरव.

"पायरी दिसेल," ती म्हणाली.

"दिसू दे. आणि शेवटचे पाच तू आख."

"कागद बघून?"

"कागद नको. अंक मी सांगतो."

तिने रिक्षावाल्याला उगीचच विचारलं की पुढचा रस्ता खणलाय का. तो नाही म्हणाला.

१० एप्रिल, गुरुवार

पाच दिवस छोटी पृष्ठ उतरवत होती. सगळ्या शेडमध्ये भुकटी. मी पाणी मारलं, भुकटी भरली, छिन्न्यांना धार लावली. धार बोटाला कळते, तिथे काही अडत नाही. झाडूही मारला. मारल्याने काही होत नाही.

एकविसावा आणि बाविसावा, कोरलेले दोन्ही अंक आज पूर्ण गेले. तिथे आता कोरा दगड आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

काल आणि आज मिळून पाचही झाले.

छोटीने दुसरं स्टूल दगडापाशी ठेवलं आणि मला बसवलं. तिच्या हातात लाल खडू. इतक्या वर्षांत मी तिला खडू धरलेलं पाहिलं नव्हतं.

एकविसाव्यापासून एक सोय आहे, ती मी मधल्या दिवसांत शोधली. पाठ नसलं तरी चालतं. आधीच्या संख्येला एक शून्य लावायचं, भाग घालायचा, जे कमी पडतं तोच पुढचा अंक. दुसरा असूच शकत नाही. वीस अंकांना शून्य लावून एकविसाने भागलं तर अठरा उरतात. एकविसाला तीन कमी.

"तीन," मी म्हणालो.

तिने साचा उचलला, खाच चाचपली, मग पत्रा माझ्या हातात दिला. मी चाचपून परत दिला. तिने आखलं. मी विचारलं, कसं दिसतंय.

"तीनासारखं. गप्प बस आता, मी कोरते."

बाविसाला सोळा उरतात, सहा कमी. तेविसालाही सोळाच उरतात, सात कमी. तिथपर्यंत काल झालं. आज चोवीस: बावीस उरतात, दोन कमी.

बाई दुपारी आल्या आणि काही न बोलता दाराशी उभ्या राहिल्या. त्या आल्यात हे मला छोटीने सांगितलं. त्यांनी पायरीवरून हात फिरवला, पुढे नेला, परत आणला.

"वाईट लागतं का हाताला?" छोटीने विचारलं.

"लागतं," बाई म्हणाल्या. "असू दे."

पंचविसाला वीस उरतात, पाच कमी. छोटीने ५ आखला. तासाभराने कोरून झाला. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पंचवीस भाग लावले. त्यांच्यामागोमाग मीही मनात लावत होतो. आम्ही दोघं एकदमच संपवलं.

माझी जीभ सवयीने पुढे गेली. शून्य लावलं, सव्विसाने भाग घातला. बारा उरले.

"पुढचा?" छोटीने विचारलं. खडू तिच्या हातातच होता.

"चौदा कमी पडतात."

"चौदा एका जागेत कसे आखू?"

"नाही आखता येत. झालं काम."

तिने खडू माझ्या हातात द्यायला पुढे केला. मग थांबली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.